कागदावरचा वाद्यमेळ : वऱ्हाडातल्या वादकांसाठी

अमरावतीत किंवा अकोल्यात एखाद्या कार्यक्रमासाठी चार वादक हवे असले, तर ते एका संध्याकाळी जमतात. पेटीवाला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोचलेला असतो. क्लॅरिनेटवाला लगीनसराईत बँडपार्टीबरोबर वराती करतो. ट्रम्पेट वाजवणारा फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी परतलेला असतो, आणि व्हायोलिन वाजवणारी मुलगी चर्चच्या गायनवृंदात वाढलेली असते. चौघांचे हात तयार, कान चोख. पण मधोमध कागद ठेवला की अडते. पेटीवाल्याला सरगम वाचता येते, पाच रेघा कळत नाहीत. फौजीला आणि त्या मुलीला पाच रेघा पाठ, पण ‘रे’खालची आडवी रेघ काय सांगते ते ठाऊक नाही. बँडवाल्याला तर कधी कागद लागलेलाच नाही. मास्तरांनी मुखडा वाजवला की तो उचलतो. मग सगळी संध्याकाळ एक चाल सर्वांच्या गळी उतरवण्यात जाते. खालून कोणी कोणते सूर धरायचे, मधला भरणा कोणाचा, कोणी कुठे थांबायचे, हे ठरवायला वेळच उरत नाही. शेवटी चौघेही तीच ओळ एका सुरात वाजवतात आणि कार्यक्रम पार पडतो.

वऱ्हाडात चांगले वादक पुष्कळ आणि वाद्यमेळ थोडे, याचे एक मोठे कारण मला या न जुळणाऱ्या कागदांत दिसते. तालमीला जागा नसते, मानधन तुटपुंजे असते, वादकांचे पोटापाण्याचे उद्योग वेगळे असतात, ही कारणेही खरी आहेत. पण ती कारणे जिथे तितकीच खरी आहेत तिथेही लोक एकत्र वाजवतात, कारण त्यांच्या हातात तयार पार्ट असतात. म्हणून हा संग्रह.

नव्या वाचकासाठी आधी थोडे जमिनीवरचे सांगतो. अनेक वाद्यांसाठी लिहिलेल्या संगीताचे दोन प्रकारचे कागद असतात. एकावर सगळी वाद्ये एकाखाली एक मांडलेली असतात. तो स्कोअर, आणि तो वृंद चालवणाऱ्यापुढे असतो. दुसऱ्यावर फक्त ज्याचे त्याचे असते, तो पार्ट. एकलवादनाला एक ओळ पुरते. तीन-चार-पाच जणांच्या छोट्या मेळात प्रत्येक पार्टला एकच वादक असतो, पुढे हात हलवणारा कोणी नसतो, त्यामुळे दुसरा काय वाजवतो आहे हे प्रत्येकाला आपल्या कागदावरूनही थोडे कळावे लागते. युरोपात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मेळासाठी अडीचशे वर्षांहून अधिक काळ लेखन होत आले आहे. मोठ्या ऑर्केस्ट्रात एका पार्टवर दहा-बारा व्हायोलिन एकदम चालतात. बँडची तऱ्हा निराळी. तिथे फुंकवाद्ये आणि ढोल, आणि वाजवणारा चालत असतो. म्हणून त्याचा पार्ट तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर असतो आणि वाद्यालाच चिमट्याने अडकवलेला असतो. एका पुठ्ठ्यावर बसेल एवढेच संगीत त्यावर येते. बँडच्या रचना आटोपशीर आणि परतून परतून येणाऱ्या का असतात, याचे उत्तर बरेचसे त्या पुठ्ठ्यात आहे.

आपल्याकडे लिहिण्याची परंपराच नव्हती असे बोलण्याची सवय पडली आहे. ती सोडायला हवी. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर आकडे घालून स्वर दाखवले आहेत. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ १३व्या शतकात लिहिला गेला तो देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने, म्हणजे आपल्याच मुलखात. त्यात सा-रे-ग-म ही अक्षरे वापरून स्वरावली दिल्या आहेत. लिहिता येत होते, पण लिहिल्यावर वादक त्यावरून वाजवत नव्हते. कागद शास्त्रकाराकडे राहिला आणि हात गुरूकडे. गुरूने न लिहिण्यामागेही कारणे होती. बंदिश ही घराण्याची मिळकत होती, ती कागदावर उतरली की कोणाच्याही हाती लागणार. शिवाय एक गायक एका तंबोऱ्यासोबत गात असताना कोणी कधी थांबावे हे लिहून ठेवण्याची गरजच पडत नाही. ती गरज दहा माणसे एकदम वाजवू लागली की पडते.

मराठी माणसाने ही गरज सर्वांत आधी ओळखली ती महाराष्ट्राबाहेर. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड पदरी ठेवला होता, आणि त्या काळातली पाश्चात्त्य स्वरलेखनाची हस्तलिखिते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मराठी दरबारात पाच रेघांवर संगीत उतरत होते, तेव्हा पुण्यात पेशवाई संपत आली होती. वाद्यमेळाच्या आपल्या इतिहासाचे हे पहिले पान असायला हवे. पण मराठी संगीताच्या पुस्तकांत त्याला एखादी ओळही क्वचित मिळते.

वऱ्हाडकडे यायचे तर आधी नाटकाकडे यावे लागते. कापसाच्या पैशाने ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ झाले तेव्हा संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत अमरावती आणि अकोला ही कमाईची गावे ठरली. त्या नाटकांची छापील पुस्तके उघडून पाहा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ असते, आणि चालीपुढे कुठल्या तरी आधीच्या पदाचे सुरुवातीचे शब्द. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले त्या पिढीपासून ही रीत चालत आली. ही स्वरलिपी नव्हे, पण स्वरलिपीचे काम ती करत होती : ज्याला जुने पद येते त्याला नवे पद येणार. अडचण पुढे आली. जुने पद विस्मरणात गेले की नव्याची चालही त्याच्याबरोबर जाते. अशी कितीतरी पदे आज फक्त शब्दांत उरली आहेत.

अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे या परंपरेतले वऱ्हाडचे मोठे नाव. त्यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७मध्ये बळवंत संगीत मंडळीने केले. चाली वझेबुवांच्या होत्या आणि मास्टर दीनानाथ त्यात तेजस्विनीची भूमिका करत. या पदांच्या चाली आपल्याला आज कळतात त्या ध्वनिमुद्रिकांमुळे आणि गाणाऱ्यांच्या पिढ्यांमुळे. पण साथीच्या ऑर्गनवाल्याने दोन ओळींमध्ये काय भरले, तबलजीने उठाण कुठे घेतली, सारंगी केव्हा गप्प राहिली, हे कोणी लिहून ठेवले नाही. मराठी रंगभूमीच्या वाद्यमेळाची आपल्याकडे पदे आहेत, पार्ट नाहीत. ही उणीव मला नेहमीच टोचत आली आहे.

आधुनिक स्वरलेखनाच्या शाळा त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामींनी, बडोद्यात गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी आपापल्या पद्धती आखल्या. मराठी मुलखापुरते बोलायचे तर दोन विष्णू निर्णायक ठरले. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२ ते १९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्गात पंचवीस मुले एकदम शिकवायची तर फळ्यावर लिहिता येईल असे काहीतरी हवे होते. त्यांची लिपी त्या गरजेतून आली. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे वकील. त्यांची गरज वर्गाची नव्हती, संग्रहाची होती. घराण्यांमध्ये अडकून पडलेल्या बंदिशी त्यांनी उस्तादांकडून मिळवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत मांडल्या. हे काम मुळात मराठीत झाले. पुढे हिंदी आवृत्त्यांमधून ते सगळ्या उत्तर भारताचे झाले.

एकाला शिकवायचे होते, दुसऱ्याला जपायचे होते. हा फरक त्यांच्या चिन्हांत उतरला आणि आजच्या विद्यार्थ्याच्या डोक्याला ताप होऊन बसला. भातखंडे पद्धतीत स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र, वर बिंदू म्हणजे तार. पलुसकर पद्धतीत वर बिंदू म्हणजे मंद्र, आणि तारेसाठी वर उभी रेघ. म्हणजे ‘नि’वर ठेवलेले तेच टिंब एका पुस्तकात खालच्या सप्तकात नेतो आणि दुसऱ्यात दोन सप्तके वर फेकतो. उभ्या रेघेचेही तसेच. भातखंडे पद्धतीत ती ‘म’वर आली की तीव्र मध्यम होतो. भातखंडे शून्य लिहितात ते खालीसाठी; पलुसकरांच्या पद्धतीत स्वराखालचे शून्य अर्धी मात्रा सांगते. सम एकीकडे गुणिले, दुसरीकडे एकचा आकडा. संगीत परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दोन्ही पद्धती विचारतात, मुले दोन्ही पाठ करतात आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरतात, कारण त्या कागदावरून कोणी कधी वाजवून घेतलेले नसते.

या संग्रहात आम्ही भातखंड्यांची पद्धत घेतली आहे. ती श्रेष्ठ आहे असा दावा नाही. पलुसकरांची पद्धत मात्रांचे बारीक तुकडे दाखवण्यात अधिक काटेकोर आहे, आणि गतकारीसाठी मला तीच जास्त आवडते. पण भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालच्या कमानीत एकत्र बांधले जातात, ते चालता चालता डोळ्यांना पटकन दिसतात. वाद्यमेळात वाचणाऱ्याला क्षणभराचाच अवधी असतो.

तिसरी शाळा मराठी वाचकाच्या फारशी परिचयाची नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी सेवेतले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी १९१०च्या आसपास २२ श्रुतींचा हिशेब मांडला आणि क्लेमेंट्सनी पाच रेघांच्या लिपीत खास चिन्हे घालून हिंदुस्थानी राग लिहून दाखवले. भातखंड्यांना तो मार्ग मान्य नव्हता, आणि व्यवहारात तो चाललाही नाही. श्रुतींची चिन्हे वाचून त्या श्रुती काढणारा वादक मिळणे कठीण होते. पण पाच रेघांवर राग लिहिता येतो, फक्त काही गोष्टी वाचणाऱ्यावर सोडाव्या लागतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. आम्ही तो धडा घेतला आहे.

पाच रेघा वऱ्हाडात आल्या त्या दोन वाटांनी : छावणी आणि चर्च. १८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अचलपूरच्या शेजारी परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिकडे नागपूरजवळ कामठीची. ख्रिस्ती अलायन्स मिशनचे काम १९व्या शतकाच्या अखेरीपासून अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात उभे राहिले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’मध्ये देशी चालींची भजने आणि पाश्चात्त्य चालींची गीते शेजारी शेजारी बसली आहेत. रविवारी चार आवाजांत गाणारी मंडळी त्या पाच रेघांशी सहज राहतात, आणि त्याच गल्लीतल्या संगीत विद्यालयाला त्याचा पत्ता नसतो. फौजेची वाट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. सातपुड्यातल्या पचमढीला १९५०मध्ये लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. तिथे तयार झालेले बँडवाले निवृत्तीनंतर गावोगाव परततात. त्यांच्यातला एखादा शाळेच्या बँडला मिळाला, तर त्या शाळेच्या मुलांचे नशीब उघडते.

बँडपार्ट्यांची गोष्ट वेगळी, आणि तीच वऱ्हाडच्या वाद्यसंगीताचा कणा आहे. सनई आणि डफडे वाजवणारी मातंग समाजातली घरे, मुसलमान वादक, इतर वाजंत्री अशा सगळ्यांनी पितळी वाद्ये हाती घेतली. वाद्ये मेरठच्या जली कोठीतून येत. तिथली नादिर अली ही पेढी १८८५पासूनची. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, बिग ड्रम. मास्तर नवे गाणे रेकॉर्डवरून, पुढे कॅसेटवरून, आता फोनवरून उतरवतो, तुकड्या-तुकड्याने वाजवून दाखवतो, आणि दोन दिवसांत पार्टी तयार. ज्या वादकाला आम्ही ‘कागद वाचता येत नाही’ म्हणतो, त्याच्या डोक्यात शेकडो गाणी बसलेली असतात. त्याला अडाणी समजणारा माणूस या पुस्तकाचा वाचक होऊ नये. मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. कानाने शिकवताना प्रत्येक ओळ प्रत्येकाला स्वतंत्रपणे शिकवावी लागते, म्हणून मास्तर वेळ वाचवायला सगळ्यांना तीच चाल देतो. युफोनियमसारखे खर्जातले भरदार वाद्यही मग चालच वाजवत राहते. त्याला त्याची स्वतःची ओळ लिहून मिळाली, तर त्याच बँडचा आवाज किती भरेल!

आता बँडच्या जागी धुमाल आले, संदल आले, डीजे आला. पाठीवर ढोल बांधून वीस माणसे नेण्यापेक्षा एक ट्रक नेणे सोपे. जुने मास्तर जात आहेत, आणि त्यांच्या वह्या, जिथे वह्या होत्या तिथे, रद्दीत. अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात १३ नोव्हेंबर १९२७ला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या शहरात आणि शेजारच्या अकोल्यात भीमगीतांच्या गायन पार्ट्यांची मोठी परंपरा पुढे उभी राहिली. त्यांच्याकडे शब्दांच्या वह्या भरभरून आहेत. पानाच्या कोपऱ्यात फार तर ‘काळी चार’ किंवा ‘कव्वाली ठेका’ अशी खूण. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांची तीच स्थिती. शब्द छापून लाखोंपर्यंत पोचले, खंजिरीचा हात मात्र ऐकूनच शिकावा लागतो.

कागद असला-नसला तर काय बिघडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण राष्ट्रगीताचे आहे. १९४७मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितले गेले. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती तिथल्या वाद्यवृंदाने बसवून वाजवली आणि ती सर्वांना आवडली. २५ ऑगस्ट १९४८च्या निवेदनात नेहरूंनी हा प्रसंग सांगितला आणि ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदाला तितके सोयीचे नाही असे मत मांडले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना ते पटले नाही. त्यांनी ‘वंदे मातरम्’ची बँडवर वाजेल अशी चाल बांधली, ती पाश्चात्त्य लिपीत लिहून घेतली आणि बँडकडून वाजवून दाखवली. राष्ट्रगीताचा निर्णय २४ जानेवारी १९५०ला संविधान सभेत जाहीर झाला. त्या सभेत वऱ्हाडातून डॉ. पंजाबराव देशमुख आणि ब्रिजलाल बियाणी होते. निर्णयामागे इतरही गंभीर कारणे होती, ती सर्वांना माहीत आहेत. पण एका राष्ट्राच्या गीताची निवड होताना ‘हे बँडला लिहून देता येईल का’ हा प्रश्न मध्यभागी आला होता, आणि एका मराठी गवयाने त्याला उत्तर दिले ते भाषणाने नव्हे, लिहिलेल्या पार्टने. ‘जन गण मन’ची आज आपण ऐकतो ती वाद्यवृंदरचना हर्बर्ट मरिल या इंग्रज संगीतकाराने लिहिली. ५२ सेकंदांत ती जगात कुठेही सारखी वाजते, कारण ती कागदावर आहे.

कायद्यानेही कागदाला असेच महत्त्व दिले होते, आणि ते अनेकांवर अन्याय करणारे होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या लिहिलेल्या, छापलेल्या किंवा अन्य रीतीने चिन्हांत उतरवलेल्या संगीतापुरती होती. १९९४च्या दुरुस्तीने ती बदलली. म्हणजे जवळजवळ चार दशके, ज्या मास्तराने आपल्या बँडसाठी चाल बांधली पण लिहिली नाही, त्याची ती चाल कायद्याच्या दृष्टीने संगीतकृती नव्हतीच. आज व्याख्या उदार आहे, पण ‘ही चाल माझी’ हे दाखवायला लिखाणासारखा पुरावा अजूनही नाही.

वाद्यवृंदाच्या बाबतीत दोन्ही लिप्या एकत्र नांदल्याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या चित्रपट स्टुडिओत घडले. संगीतकार चाल गाऊन दाखवी, साहाय्यक ती सरगममध्ये उतरवून घेई, आणि अरेंजर तीच पाच रेघांवर वाद्यागणिक वाटून देई. हे अरेंजर बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळांतून लहानपणी व्हायोलिन आणि स्वरवाचन शिकलेले. शंकर-जयकिशन यांच्यासोबत सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गोन्साल्विसांनी १९५८मध्ये मुंबईत रागांवर आधारित रचना मोठ्या वृंदाकडून वाजवून घेतल्या. रेडिओनेही १९५२मध्ये दिल्लीत वाद्यवृंद उभा केला, आणि त्याआधी मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी गावातली मुले घेऊन बँड बांधला होता. मैहर लहानसे गाव. तिथे जे झाले ते अकोल्यात न होण्याचे कारण मला दिसत नाही.

या पुस्तकाचा मुख्य प्रयत्न इथून सुरू होतो. सरगम आणि पाच रेघा यांत खरा फरक चिन्हांचा नाही. सरगम स्वराचे षड्जाशी असलेले नाते सांगते. पाच रेघा स्वराची जागा सांगतात. गायक म्हणतो ‘पांढरी चार’, पेटीवाला तिथे सा धरतो. बँडमधल्या नेहमीच्या क्लॅरिनेटवर आणि ट्रम्पेटवर वादकाने आपला ‘सी’ वाजवला की ऐकू येते काळी पाच. त्यामुळे पांढरी चारच्या षड्जासाठी त्याला एक पूर्ण स्वर वर, पांढरी पाचच्या जागी बोटे ठेवावी लागतात. आल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन. त्याला पांढरी दोनची बोटे. पाच रेघांवर पेटी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन या तिघांचे तीन वेगळे कागद करावे लागतात. सरगममध्ये एकच कागद तिघांना चालतो. फक्त डोक्यावर ‘तुमचा सा इथे’ एवढी खूण बदलते. आपल्याकडच्या मिश्र मेळाला सरगम किती सोयीची आहे, हे आपण तिला फक्त परीक्षेत कोंडून विसरलो.

मात्र सगळे काम सरगमवर भागत नाही. चार वाद्ये चार वेगळे स्वर एकदम धरतात तेव्हा पाच रेघांवर ती रचना डोळ्यांना दिसते. सरगमच्या चार ओळी एकाखाली एक लिहूनही तितकी दिसत नाही. लांब विराम, हळूहळू वाढत जाणारा आवाज, ढोलांचे गुंतागुंतीचे तुकडे यांतही पाच रेघांची लिपी वरचढ. म्हणून प्रत्येक रचनेचा स्कोअर पाच रेघांवर आहे आणि पार्ट दोन्ही लिप्यांत, वरखाली. तबला, ढोलक आणि खंजिरीचे पार्ट बोलांत लिहिले आहेत, कारण त्या वादकांची तीच भाषा आहे आणि ती पुरेशी नेमकी आहे.

जे लिहिता येत नाही, ते लिहिल्याचा आव आणलेला नाही. मींड दाखवायला वर कमान आहे, कणस्वर बारीक अक्षरात आहे, कंसातला प म्हणजे ध-प-म-प ही भातखंड्यांची सोय घेतली आहे. पण तोडीतला गंधार किती उतरलेला लावायचा, बँडमध्ये क्लॅरिनेटवाला मुखड्यावर येताना सूर कसा ओढून आणतो, हे ऐकूनच घ्यायचे. घराण्यातल्या जुन्या जाणत्यांचा लेखनावरचा आक्षेप हाच होता आणि तो खरा आहे. त्यांच्याशी माझा मतभेद एवढाच : कागद गुरूची जागा घेतो अशी भीती त्यांना वाटे, आणि वाद्यमेळात कागद नसेल तर गुरूचा सगळा वेळ ‘तू केव्हा थांब’ हे सांगण्यातच जातो. तो वेळ वाचला तर गंधार शिकवायला मिळेल.

रचना निवडताना कायद्याची मर्यादा पाळली आहे. संगीतकाराच्या निधनानंतरची ६० वर्षे हक्क राहतात. त्यामुळे वझेबुवा, गोविंदराव टेंबे यांच्या नाट्यचाली घेता आल्या. रागांच्या पारंपरिक गती, मंगलाष्टकांच्या आणि आरतीच्या रूढ चाली, लेझमीचे ताल घेता आले. तुकडोजी महाराजांच्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचे हक्क २०२८च्या अखेरीपर्यंत आहेत, म्हणून इथे खंजिरीचा फक्त ठेका आणि त्याचे पलटे आहेत. चित्रपटगीते नाहीत. वरातीत ती वाजवायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्यांची स्वरलिपी छापून विकणे वेगळे. मेळघाटातल्या कोरकूंचे ढोल आणि बासरीचे संगीतही घेतलेले नाही. ते ज्यांचे आहे त्यांच्यासोबत बसून, त्यांच्या सांगण्याने लिहायला हवे, आणि ते काम या पुस्तकाच्या आवाक्यापलीकडचे होते.

हे सारे आजच का, असेही कोणी विचारेल. यूट्यूबवर सगळे ऐकायला मिळतेच. ध्वनिमुद्रणातून चाल उचलता येते, पण आतला दुसऱ्या क्लॅरिनेटचा सूर वेगळा काढता येत नाही, आणि सात वाद्यांचे गाणे चार वाद्यांना कसे वाटून द्यावे ते कळत नाही. शिवाय लिहिण्याचा खर्च आता उरलेला नाही. म्युझस्कोरसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकावर स्कोअर लिहितो आणि त्यातून पार्ट आपोआप सुटे करतो. देवनागरी सरगमची अडचण छपाईत फार वर्षे होती. आता वेदपठणाच्या स्वरांसाठी युनिकोडमध्ये असलेली आडवी आणि उभी रेघ कोमल-तीव्रसाठी वापरता येते, आणि फोनवरूनही ‘ग॒’ आणि ‘म॑’ लिहून पाठवता येतात. पूर्वी जे काम मुंबईच्या अरेंजरला परवडे ते आज दर्यापूरच्या शाळेतल्या शिक्षकाला परवडते.

वापरणाऱ्यांना दोन सूचना. पहिली वाचणी पार्टवरून करू नका. स्कोअर पुढे ठेवून सर्वांनी मिळून सरगम गा, टाळी-खाली हाताने धरा, मग वाद्य उचला. फौजेच्या बँडमधून आलेल्या वादकांना हे सुरुवातीला विचित्र वाटेल, पण त्यांना सरगम येण्याचा यापेक्षा जवळचा रस्ता नाही. दुसरी : पार्टांची पाने मुद्दाम जाड कागदावर आणि एका बाजूला कोरी ठेवली आहेत. पेन्सिल वापरा. जिथे आमची वाटणी तुमच्या वाद्यांना बसत नाही तिथे खोडून तुमची लिहा, तुमच्याकडे युफोनियम दोन आणि क्लॅरिनेट एक असेल तर ओळी अदलाबदल करा. आणि अचलपूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर कुठेही एखाद्या मास्तरांची वही घरात असेल, तर ती देऊन टाकण्याआधी पानापानाचा फोटो काढून ठेवा. मास्तर हयात असतील तर कोपऱ्यातली खूण कशाची आहे, तेही त्यांच्याकडूनच विचारून लिहून घ्या.